किसनमामांचं डबल फूल

सुजाताचा फोन आला तेव्हा मी औशाच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट पाहत उभी होते. "मॅडम, मुदखेडहून सुजाता बोलतेय, किसन गायकवाडांची मुलगी. बाबा गेले सकाळी... चहा घेऊन वाफ्याकडं गेले, तिथंच बसले, ते उठलेच न्हाईत." मागं एक गाडी हॉर्न देत होती. मी तिला पुन्हा सांगायला लावलं आणि तिनं, बिचारीनं, पुन्हा सांगितलं. लातूरहून मुदखेड काही परदेश नाही. निघाले असते तर दुपारपर्यंत पोचले असते. मी गेले नाही. जायला तोंड नव्हतं, हे मी त्या दिवशी स्वतःशीही कबूल केलं नाही. गुडघे दुखतात, असं कारण घरच्यांना सांगितलं.

हा लेख मात्र दुःखातून लिहीत नाही, रागातून लिहिते आहे. किसनमामा गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक श्रद्धांजली आली. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या जुन्या प्रमुखांनी लिहिलेली. त्यांचं नाव लिहीत नाही, ते ग्रुपवर आहेतच. त्यांनी लिहिलं होतं, "माझ्या डबल कोनफ्लॉवरला निष्ठेनं पाणी घालणारा आपला आज्ञाधारक किसन गेला." खाली हात जोडल्याच्या चाळीसेक खुणा. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. त्यातले 'माझ्या', 'आज्ञाधारक' आणि 'किसन' हे तिन्ही शब्द खोटे आहेत. साहेबांपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या असलेल्या माणसाला मेल्यावरही अरेतुरे.

मी लातूरच्या त्या कॉलेजात नोकरीला लागले तेव्हा किसनमामा विभागाचे शिपाई होते. आमच्याकडे शिपायाला मामा म्हणतात, म्हणून मामा. विभागामागं एक रिकामं पडलेलं आवार होतं, काळीभोर चिकट माती, उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात राडा. ते आवार त्यांनी आपण होऊन हाती घेतलं. एका बाजूला बारमाही वाफा केला. एकदा लावायचं आणि वर्षानुवर्षं त्याच मुळातून फुलत राहायचं, अशा झाडांचा. एका वर्षी कुणी पाहुण्या प्राध्यापकांनी कोनफ्लॉवरच्या बियांचं पाकीट दिलं. औषधी झाड आहे, बघा येतं का, म्हणाले. आम्हा शिकलेल्यांनी बी सरळ मातीत टोचलं, एकही उगवलं नाही. किसनमामांनी उरलेलं बी ओल्या वाळूत कालवून मडक्यात भरलं आणि ऐन थंडीत गच्चीवर उघड्यावर ठेवलं. "थंड देशातलं हाय म्हणता ना मॅडम, मग त्याला वाटू द्या जरा, घरीच हाय म्हणून." दीड महिन्यानं ते पेरलं आणि वाफा हिरवा झाला. पावसाळ्यात मुळं कुजतात म्हणून त्यांनी सायकलवर मुरूम आणि वाळू आणून वाफा वीतभर उंच केला होता, तेही कुणी न सांगता.

दुसऱ्या वर्षी श्रावणात फुलं आली. खाली झुकलेल्या गुलाबी पाकळ्या आणि मधोमध काटेरी, तपकिरी बोंड. मामा त्याला काटेबोंड्या म्हणत. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, एका सकाळी, मी तासाला निघाले असताना ते व्हरांड्यात आडवे आले. "मॅडम, चला जरा. एका बोंडाला येड लागलंय." साठ-सत्तर झाडांत एका झाडाच्या बोंडावर काट्यांच्या जागी बारीक बारीक पाकळ्या फुटत होत्या. आठ दिवसांत त्याचा भरगच्च गुलाबी गोंडा झाला. आपोआप निपजलेलं दुहेरी फूल! आम्ही असल्या गोष्टी पुस्तकातून शिकवत होतो. शिकवणारे सगळे त्या वाफ्यावरून रोज जात होते आणि दिसलं ते एकट्या शिपायाला.

पण दिसणं ही सुरुवात होती. मामांनी त्या फुलाचं जे थोडंफार बी मिळालं ते वेगळं धरलं, पुन्हा मडकं, पुन्हा थंडी. त्यातून आलेली सगळी झाडं साधी, एकेरी. मी म्हटलं, "गेलं मामा, टिकणारं नाही ते." ते म्हणाले, "बी बापाचं नाव सांगून न्हाई राहिलं. मुळाला इचारावं लागंल." मग त्यांनी गड्डा तीन वर्षांचा होऊ दिला, दिवाळीनंतर तो खणला आणि खुरप्यानं त्याचे चार भाग केले, प्रत्येकाला डोळा राहील असे. दोन कुजले, दोन जगले. जगलेल्या दोन्हींना डबल फुलं आली. पुढं दोनाचे सहा झाले. ज्या उन्हाळ्यात लातुरात पाणी आगगाडीनं आलं, त्या उन्हाळ्यात कॉलेजची बाग जळून गेली, पण ती सहा झाडं राहिली. कशी राहिली ते मला त्यांच्या बायकोनं, द्रुपदाबाईंनी, नंतर सांगितलं. मामा घरी परातीत बसून आंघोळ करत आणि ते पाणी कॅनमध्ये भरून सायकलला लावून कॉलेजात आणत. साबणाचं पाणी झाडाला चालत नाही... "दोन महिनं माणूस बिनसाबणाचा हिंडला बगा, फुलापायी."

नंतरच्या हंगामात मोठं पुष्पप्रदर्शन भरलं. प्रमुखांनी सर्वांत देखणं झाड मामांकडून कुंडीत काढून घेतलं, स्वतःच्या नावानं पाठवलं आणि पहिलं बक्षीस आणलं. मग विद्यापीठाच्या पत्रिकेत टिपण आलं, 'मराठवाड्याच्या हवामानात दुहेरी कोनफ्लॉवर: एक नवी निपज'. पहिलं नाव प्रमुखांचं. दुसरं माझं. हो, माझं. मी त्या टिपणाची फक्त भाषा तपासली होती. किसन गायकवाड हे नाव आभारातसुद्धा नव्हतं. सोबत छापलेल्या फोटोत प्रमुख हसतायत आणि कुंडीच्या काठावर चार काळी बोटं दिसतात. बाकीचा माणूस कापलेला.

मी मामांकडं गेले. म्हटलं, "मामा, तुमचं नाव राहिलं हो त्यात."

त्यांनी हातातलं खुरपं पुसलं. "राहिलं न्हाई मॅडम. ठेवलं न्हाई."

लोकांना गेलेला माणूस गरीब गाय असलेला आवडतो. किसनमामा तसे नव्हते. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी नीट, ताठ अक्षरात कागदावर उतरवला. प्राचार्यांना अर्ज: सदर फुलाची निपज मी पाहिली, मी वेगळी काढली, मी वाढविली, तरी टिपणात दुरुस्ती व्हावी. अर्जाखाली त्यांनी एक ओळ मोकळी सोडली होती, साक्षीदाराची. तो कागद घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. "तुमी सगळं पाह्यलंय. एक सही करा." त्या महिन्यात माझ्या बढतीची फाईल प्रमुखांच्या टेबलावर होती. मी म्हटलं, "बघू मामा, दोन दिवसांनी." ते दोन दिवस संपले नाहीत. मामांनी आठवडाभर वाट पाहिली, मग बिनसाक्षीचा अर्ज दिला. साक्षीदार नसल्याचं कारण लिहून तो निकाली काढण्यात आला.

माझी बढती झाली. त्यांची बदली झाली, बागेतून गेटवर. जाताना त्यांनी भरदिवसा एक गड्डा खणला आणि विभागाच्या नोंदवहीत लिहिलं, 'डबल फुलाचे एक मूळ घेऊन जात आहे. किसन गायकवाड.' खाली सही, वेळ. त्यावरून त्यांना मेमो मिळाला, शासकीय मालमत्ता नेल्याचा. त्यांनी उत्तर दिलं: "मालमत्ता सरांची असल्याचे छापून आले आहे. तरी सरांनी तक्रार द्यावी." सरांनी दिली नाही. आणि कॉलेजातल्या झाडांचं काय झालं? कोनफ्लॉवर हिवाळ्यात वरून वाळतं, खाली मूळ जिवंत असतं. नव्या कंत्राटी माणसाला ते कुणी सांगितलं नाही. त्यानं वाळकं समजून पाचही गड्डे उपटून टाकले. ज्यांनी जगाला निपज दाखवली त्यांना आपलं झाड जिवंत आहे की मेलं, हेही ओळखता येत नव्हतं.

निवृत्तीनंतर मामा मुदखेडला गेले. तिथं शेतं गुलाब-गलांड्याची, फुलं कशाला म्हणतात ते लोकांना कळतं. दोन वर्षांपूर्वी मी धीर करून गेले. सहा-सात घरांच्या दारात ते गुलाबी गोंडे होते. मामांनी मुळं वाटली होती, मागेल त्याला. बुद्धाच्या तसबिरीखाली आम्ही समोरासमोर बसलो. मी म्हणाले, "मामा, मी चुकले. आता लिहून देते, कुठंही सही करते." ते म्हणाले, "आता करून काय करता? सर रिटायर, मी रिटायर. तवा पाह्यजे होती." आवाज चढला नव्हता. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी द्रुपदाबाईंना हाक मारली, "मॅडमला चहा ठिव." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि निघताना मला मूळही दिलं नाही. मागेल त्याला देणाऱ्या माणसानं मला दिलं नाही, आणि मागायची माझी छाती झाली नाही. त्यांचं बरोबर होतं.

ती श्रद्धांजली वाचल्यावर मी ग्रुपवर सगळं लिहिलं. मडकं, मुरूम, आंघोळीचं पाणी, अर्ज, माझी न केलेली सही. एका माजी उपप्राचार्यांचं उत्तर आलं, "गेलेल्या माणसावरून वाद नको, मॅडम." मी लिहिलं, वाद गेलेल्या माणसावरून नाहीच. वाद आपल्या जिवंत माणसांवरून आहे. प्रमुखांनी वाचलं, निळ्या खुणा दिसल्या. संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलेलं होतं. त्या ग्रुपमध्ये मी पाच वर्षं सुप्रभात म्हणत होते!

दुसऱ्याच दिवशी मुदखेडला गेले. सुजाता नांदेडला नर्स आहे, रजा काढून आईजवळ थांबली होती. मी तिला फोनवरचं सगळं दाखवलं. तिनं शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, ग्रुपवर लिहून काय उपयोग? त्यांना ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी लिहा. पेपरात लिहा. आणि तुमचंबी नाव त्यात लिहा, काय केलं न्हाई त्यासकट." म्हणून हे लिहिलं. ते फूल किसन गायकवाड यांनी ओळखलं, वेगळं काढलं आणि जगवलं. मी साक्षीदार आहे. खूप उशिरा, पण आहे.

निघताना वाफ्यापाशी गेले. फुलं भरात होती. द्रुपदाबाई पदर खोचून खाली बसल्या आणि पाणी घालायच्या आधी त्यांनी तर्जनी सरळ मातीत खुपसली. मग पुढच्या झाडापाशी, पुन्हा तसंच. सुजातानंही पलीकडच्या ओळीत तेच केलं. "त्यांचीच सवय," द्रुपदाबाई म्हणाल्या, "बोट घातल्याबिगर पाणी द्यायचं न्हाई. आमच्या घरात समदेच आता असं करून राहिलेत." मीही वाकून बोट टेकवलं. वरची माती भुगा झालेली, कोरडी ठणठणीत. म्हटलं, "याला पाणी लागेल."

"वरवर नगा बघू," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "आत घाला."

मी बोट पेरापर्यंत आत घातलं. खाली ओल होती.