आठ फॉर्मांचं आत्मचरित्र

माझे वडील प्रकाशक. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं फक्त लायब्रऱ्यांत जात, त्या काळात त्यांनी खिशात मावणाऱ्या पातळ कव्हरच्या कादंबऱ्या काढल्या आणि एसटी स्टँडवर, पानाच्या गादीवर विकायला ठेवल्या. पुढे अनेकांनी त्यांचा कित्ता गिरवला. समारंभात त्यांना ‘मराठी पेपरबॅकचे जनक’ म्हणतात. घरी आई त्यांना ‘अहो’ म्हणते.

जनकांचा हट्ट एकच. छपाईत सोळा पानांचा एक फॉर्म होतो आणि आमचं पुस्तक आठ फॉर्मांचं. एक पान जास्त नको, कारण मग नवा फॉर्म. कमीही नको, कारण कोरं पान दिसलं की बाबांच्या पोटात दुखायचं. लेखक मात्र हात सैल सोडून लिहीत. मग मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात, मटार सोलता सोलता, आई कादंबरी कापायची. आधी सूर्यास्त जायचे, मग नायिकेचे उसासे, तेवढ्याने भागलं नाही तर नातेवाईक. “जे पात्र पुढे कामाला येत नाही ते काढायचं,” हा बाबांचा मंत्र. एकदा तिने नायकाचे दोन्ही भाऊ काढले, पण त्याची आई तिन्ही मुलांना जेवायला वाढतेय ते वाक्य राहून गेलं. लेखक तणतणत घरी आला. आईने पोहे पुढे केले, मग जरा निवळला.

गेल्या वर्षी बाबांनी आत्मचरित्र काढायचं ठरवलं. वय ऐंशीच्या पुढे, उत्साह विशीतला. ते सांगत, मी लॅपटॉपवर टाईप करी. कागदाचे भाव, कव्हरवरच्या बायकांच्या साड्यांचे रंग, सत्कार, पुन्हा सत्कार. मजकूर तीन पानं जास्त झाला, तेव्हा बाबांनी तो सवयीने आईकडे दिला. मला धाकधूक होती. त्यात ती किती आहे ते मला ठाऊक होतं. बाबांना मी तसं बोललेही होते, तर म्हणाले, “अगं, ते घरातलं झालं. वाचकांना काय त्याचं?”

आईने दोन दिवसांत परत दिला. बरोब्बर आठ फॉर्म. बाबा खुशीत वाचायला बसले आणि मध्येच अडखळले.

“अगं, आपलं लग्न कुठे गेलं?”

“एकच वाक्य होतं. ‘याच सुमारास माझा विवाह झाला.’ काढलं.”

“अगं, पण लग्न!”

“ती बाई पुढे कुठे येतच नाही हो. शेवटपर्यंत वाचलं मी. मग काढायचं ना? नियम तुमचाच.”

ती चिडून बोलली असती तर बाबांनी आवाज चढवला असता. पण ती कामाचं बोलत होती, निदान चेहऱ्यावरून तरी. मला हसू आवरेना आणि तिच्यासाठी जीव तुटत होता. बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, “नववा फॉर्म घेऊ.” मी लॅपटॉप उघडला. “टाईप कर. तिचा जन्म...” आणि गाडी तिथेच अडली. मग आत तोंड करून ओरडले, “अगं, तुझा जन्म मालवणचा की कणकवलीचा?”

“देवगडचा!” आतून आलं. “तिथेच लग्न लागलं आपलं. जेवलात पण!”

आठवडाभर असंच चाललं. बाबा विचारत, आई आतून उत्तर देई, मी टाईप करी. निम्म्या गोष्टी बाबांना नवीनच होत्या. सोळा पानं भरली आणि वर दीड पान उरलं. आता ‘यातलं काप’ असं तिला सांगायची त्यांची हिंमत होईना. त्यांनी बाड टेबलावर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आईने पेन घेतलं. स्वतःच्या पानांना हात लावला नाही. मागे जाऊन बाबांचा एक सत्कार काढला, मग दुसरा. तिसऱ्यावर थांबली.

“हा मोठा आहे. राहू दे?”

बाबा वळले. “त्याला तू होतीस?”

“मी कुठली? तुम्ही नेलंत कुठे?”

“मग काप,” बाबा म्हणाले.