अर्जदार वैशाली

मनीषाचा फोन आला तेव्हा मी वैशालीसाठी पेज करत होते. "आजी, गॅस बंद करा," एवढंच ती दवाखान्यातून म्हणाली... पुण्यात कर्वेनगरातल्या माझ्या घरी वरच्या खोलीत दोघी भाड्यानं राहायच्या, त्यातली वैशाली डेंग्यूनं नेली.

वैशाली यवतमाळकडची, मनीषा लोणी काळभोरची. दोघींनी एकच सरकारी परीक्षा दिली. मनीषा निवड यादीत आली, वैशाली एका गुणानं राहिली. तिचं म्हणणं, एका प्रश्नाचं उत्तर उत्तरतालिकेतच चुकलंय. वयोमर्यादेमुळे ही तिची शेवटची संधी. ती न्यायाधिकरणात गेली, नेमणुकांना स्थगिती मिळाली. म्हणजे मनीषाची नोकरी अडली, ती शेजारच्या कॉटवरच्या मुलीमुळे. मला वाटलं, आता भांडी फुटणार. पण तारखेला मुंबईला दोघी एकाच एसटीनं जायच्या, डबाही एकच. "वादी-प्रतिवादींना वेगळी भाजी देऊ का गं?" मी विचारायची.

"तिला कारलं द्या," मनीषा म्हणे, "माझा पगार अडवलाय तिनं."

"हिले गोड द्या आजी," वैशाली शांतपणे म्हणे, "हिले अजून लय वाट पाहाची आहे."

मीही तरुणपणी अशा एका परीक्षेला बसले होते. पेपर अवघड गेला म्हणून रडले आणि समोर आलेल्या स्थळाला होकार देऊन मोकळी झाले, इतकी मी शूर! हे ऐकून वैशाली खूप हसली. मग म्हणाली, "मले तर आता स्थळंही येत नाहीत आजी. हरली त कुठी जाऊ?"

ती गेली आणि वकील म्हणाले, अर्जदारच नाही, तर अर्ज कसला. स्थगिती उठली. मनीषाला नेमणुकीचं पत्र आलं. ते घेऊन ती माझ्या ओट्याशी बसून राहिली.

"आजी, तिचंच उत्तर बरोबर हाय. मी तालिकेतलं चुकीचं लिहून पास झाले."

"मग सांग की कुणाला तरी."

"कुणाला? आता विचारणारंच कोण हाय?"

तिच्या घरी धाकटी भावंडं आहेत. ती रुजू झाली.

सामान न्यायला वैशालीची आई आली. "पोरगी खरी होती का खोटी, थे तरी सांगतीन न जी कोणी?" मी जन्माची तोंडाळ, पण तिला फक्त पाणी दिलं.

काल एक मुलगी आली, काखेत त्याच परीक्षेची जाडजूड पुस्तकं. "आजी, वरची खोली रिकामी आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

ती हसत निघून गेली. मी वर जाऊन खिडकी उघडून आले. वैशालीला कोंदट चालत नाही.