श्रीरंगरावांच्या गणितातलं शहागंज

आमचे श्रीरंगराव कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात आणि घरी पालीला घाबरतात. दंगल तापाच्या साथीसारखी पसरते, असं सांगणारं एक गणिती मॉडेल त्यांनी बनवलंय. एक घाबरलेला माणूस किती जणांना घाबरवतो, एवढं कळलं की बाजार कधी पेटेल ते सांगता येतं म्हणे.

परवा दुपारी मोबाईलवर दगडफेकीचा व्हिडिओ आला. गाव कुठलं, साल कुठलं, कुणालाच ठाऊक नाही. रावांनी आकडे भरले. पडद्यावरची रेघ सरळ आभाळात गेली. त्यांनी शहागंजच्या बाजारात कुकर-मिक्सर विकणाऱ्या शाळासोबत्याला, रहीमला, फोन लावला.

"रहीम, शटर ओढ!"

"काय झालं बे? परत पाल निघाली का?"

"मस्करी नको. गणित सांगतंय. ओढ!"

आवाज इतका कापत होता की रहीमनं ओढलं. समोरच्या बद्रीनाथनं ते पाहिलं. रहीमभाई भर दुपारी बंद करतोय म्हणजे आतली खबर असणार! त्यानंही ओढलं. मग शेजारच्यानं, मग पुढच्यानं.

थोड्याच वेळात उमावहिनी धावत आल्या. "अहो, शहागंज बंद झालं! आपली वैदेही तिथंच गेलीय, फोन लागत नाही!"

राव गार पडले. मॉडेल बरोबर निघालं होतं. फक्त पहिला घाबरलेला माणूस ते स्वतः होते.

स्कूटरवरून ते पोचले तेव्हा रस्ता मोकळा होता आणि दोन्ही कडेला घोळके, एकमेकांवर डोळे रोखून. बद्रीनाथच्या हातात शटर ओढायचा लोखंडी आकडा. समोरच्यांच्या नजरा त्या आकड्यावर.

राव मधोमध उभे राहून ओरडले, "काही झालेलं नाही! मीच घाबरून रहीमला फोन केला!"

कुणी हललं नाही. रहीमचं शटर वीतभर उचललं गेलं.

"बाबा, मी आत आहे. बॅटरी संपलीय," वैदेही म्हणाली.

"श्रीरंग्या, वाकून आत ये," रहीम कुजबुजला.

"नको, तू पूर्ण उघड. सगळे तुझ्याकडंच बघतायत."

"आता मलाच भ्या वाटायलंय, यार."

रावांनी गर्दीकडं पाठ केली आणि दोन्ही हात शटरला लावले. शटर अडलं. मागून चपला वाजत जवळ आल्या. रावांनी डोळे मिटले.

बद्रीनाथनं आकडा अडकवून शटर वर ढकललं. "मास्तर, पुढच्या टायमाला भ्या वाटलं तर निस्तं पाणी प्या."

रावांनी मान हलवली. मग रहीमकडं पाणी मागितलं.