क्रेनच्या केबिनमध्ये
स्पिरिटचा वास आला की कॉलेजची ती लॅब आठवते. सप्लाय चेनच्या तासाला सर व्हीआरचा चष्मा स्पिरिटने पुसून एकेकाला देत आणि आम्ही वाशीत बसून त्यात बंदर बघत असू. माझ्या वाट्याला क्रेनची केबिन आली. बाबा उरणजवळच्या बंदरात अशीच क्रेन चालवत. 'एकदा तुला वर नेतो,' म्हणायचे, पण घरच्यांना आत सोडत नसत, आणि आदल्या वर्षी बाबा वारले. चष्मा लावला आणि पायाखालच्या काचेतून खोल खाली जहाज दिसलं, वाकून बघावं लागत होतं. बाबांची मान रोज का धरायची, ते तेव्हा कळलं. "चक्कर येतेय का गं?" सरांनी विचारलं. "नाही सर, अजून थोडं बसू द्या," मी म्हणाले. आता नोकरीमुळे बाबांच्या त्याच बंदरात माझं येणं-जाणं असतं. साहेब म्हणतात, एकदा क्रेनवर चढून बघ. मी नको म्हणते आणि खालूनच परतते.