मिलच्या गेटवरचा पांढरा कपडा

चिंधाच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. म्हणून याचं नाव चिंधा ठेवलं. असल्या नावाच्या पोराकडे मरण कशाला बघेल? आमच्या खानदेशात अशी समजूत आहे. चिंधा हे हसत सांगायचा. "मला काय होतंय, मास्तर? माझ्या नावालाच कुणी हात लावत नाही."

आधी तो सुरतेत पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये कपडा रंगवायचा. मग ड्रायव्हर झाला, लोकांचे ट्रक चालवले. शहाण्णव साली स्वतःचा घेतला. मिलिटरीच्या लिलावातला, जुना, पेट्रोलचा. सगळ्यांना डिझेलचे हवे होते, हा कुणालाच नको होता. त्याची बायको, गायत्रीवहिनी, ट्रकला हळदकुंकू लावत होत्या तेवढ्यातसुद्धा तो बंद पडला.

मी बी.ए. होऊन उधन्यात शिकवण्या घेत होतो. मोकळ्या वेळी त्याचे पाने हातात धरून उभा राहायचो.

एका मिलच्या मालाची वाहतूक त्याला मिळणार होती. कायमची. अट एकच, गाडीच्या धुराने आतला माल काळा व्हायला नको. गेटवरचा वॉचमन ट्रक उभा करायला लावायचा, इंजिन चालू ठेवायला सांगायचा, आणि सायलेन्सरमागे कोऱ्या पांढऱ्या कपड्याचा तुकडा धरायचा. कपडा काळा झाला की ट्रक परत. चिंधाचा ट्रक एकदा परत आला होता. महिनाअखेरपर्यंत आणखी एक संधी होती.

रोग असा होता. उभा राहिला की ट्रक थरथरायचा, काळा धूर ओकायचा आणि विझायचा. रेस दाबून धरली तरच जगायचा. चिंधाने प्लग काढले. ते काजळीने माखले होते. "पेट्रोल जास्त खातोय, हवा कमी," तो म्हणाला. कार्बोरेटर खोलला, जेट फुंकून साफ केले. धूर तसाच. मग सापडलं. पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई झिजली होती. वाटी भरली तरी पेट्रोल थेंब थेंब आत येतच राहायचं. भंगारबाजार पालथा घालून त्याने सुई मिळवली.

आता फक्त मिक्स्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू बसवायचा होता. ते गरम, चालू इंजिनावरच जमतं. स्क्रू आत घेत जायचा. इंजिन अडखळलं की जरा मागे. मग थांबायचं, ऐकायचं. त्यासाठी चिंधा मडगार्डवर आडवा व्हायचा आणि डोळे मिटायचा.

त्याचा गाळा जुन्या लूमचा होता. खिडक्या मालकाने विटांनी बुजवल्या होत्या. शटरसमोरच शेजारच्या धुरपदाबाईंची कपडे वाळत घालायची दोरी. त्या साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणत. मळलेल्या साड्या धुऊन वाळत घालत.

रविवारी सकाळी त्या ओरडल्या, "काय रे चिंधा, तुनी गाडी से का चूल? मन्या पांढऱ्या साड्या सेतस दोरीवर!"

"मावशी, शेठला सांगा, काळी बॉर्डर टाकून दिली. फुकट!"

"तुनं तोंड काळं कर पहिले!"

हसत हसत त्याने शटर खाली ओढलं. आत बल्ब लावला. "मास्तर, तू जा शिकवणीला," तो आतून म्हणाला. "धूर झाला तर उघडतो. येशील तेव्हा गाडी मांजरासारखी घुरघुरत असेल."

मी परत आलो. साड्या वाळत होत्या. शटर खालीच होतं. आतून इंजिनाचा आवाज येत होता. एकसारखा, मऊ. मला इतका आनंद झाला की मी शटरवर थाप मारली.

"जमलं की रे!"

त्याने ऐकलं नसावं. मी शटर वर केलं.

चिंधा मडगार्डवर आडवा होता. डोळे मिटलेले. हातात स्क्रूड्रायव्हर. नेहमी ऐकायचा तसाच. गाल लालसर दिसत होते. इतका ताजा तो मला कधी दिसला नव्हता. मी त्याला हाक मारली. खांदा हलवला. स्क्रूड्रायव्हर खाली पडला. ट्रक चालूच होता.

चावी कुणी बंद केली, मला आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बंद जागेत चालू इंजिनातून विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही. वास नाही. माणसाला झोप येते, एवढंच.

"पण धूर नव्हता ना?" गायत्रीवहिनी मला विचारत राहिल्या. "भाऊजी, धूर तर नव्हता ना?"

"नव्हता," मी म्हणालो.

धुरपदाबाई साडी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. ती उलटीसुलटी करून प्रत्येकाला दाखवत होत्या. "एक डाग नही, बाई. एक डाग नही."

धूर झाला असता तर त्याने शटर उघडलं असतं. धूर त्याने स्वतःच्या हाताने घालवला. मी अजून एवढ्यापाशीच येऊन थांबतो.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "ट्रक गेटवर न्यायचा." चिंधाचा मित्र बाजीराव चालवायला बसला. वहिनी मध्ये, मी कडेला.

वॉचमनने ट्रक ओळखला. "आ तो पेलो धुमाडावाळो ने?" हा तोच धूरवाला ना, म्हणून तो हसला. बाजीरावने ट्रक उभा केला. इंजिन चालू ठेवलं. ते अडखळलं नाही, विझलं नाही. वॉचमन कपडा घेऊन मागे गेला. आम्ही उतरून बघत राहिलो. त्याने कपडा बराच वेळ धरला. मग उलटून पाहिला, उजेडात धरला.

"साफ छे," तो म्हणाला. "जवा दो." त्याने आत सोडायची खूण केली.

वहिनींनी हात पुढे केला. त्याने तुकडा देऊन टाकला. त्यांनी तो दोन्ही हातांत पसरला. त्यावर बोट फिरवलं. नाकाशी नेला.

"यावर तर काहीच नाही," त्या म्हणाल्या.