मरोळच्या हॉटेलातलं बटण

धाकटीचा जन्म झाला त्या दिवशी, बाळा, तू मला पाच वेळा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही. रेंज नव्हती, असं मी तुला नंतर सांगितलं. रेंज होती. तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. आता तुम्ही दोघंही मोठी झालात, म्हणून खरं काय झालं ते लिहिते.

तुमच्या आईला दिवस भरायच्या महिनाभर आधीच हॉस्पिटलात न्यावं लागलं. आजोबा आणि मी मिळेल ते तिकीट काढून तुमच्याकडे यायला निघालो, तर विमानात बिघाड निघाला. रात्र विमानतळावर बसून काढली. सकाळी विमान कंपनीने आम्हाला संध्याकाळपर्यंत मरोळच्या एका हॉटेलात नेऊन ठेवलं. बोरिवलीचं आपलं घर तासाभरावर, पण दूध बंद, मेन स्विच बंद, किल्ली शेजारच्या काकूंकडे. निघालेल्या माणसाने परत फिरायचं नाही, असं आजोबांचं म्हणणं.

खोलीत शिरले तेव्हा फोनमध्ये दोन टक्के उरले होते. आजोबांचा फोन घरी कपाटात. "तिकडे दोन-दोन फोन कशाला?" असं मीच म्हटलं होतं. भिंतीतलं एकच सॉकेट उपयोगाचं, तेही पलंगाच्या मागे आणि सैल. चार्जर हलला की चार्जिंग तुटे. शेवटी आजोबांनी वर्तमानपत्राची घडी करून खाली टेकू दिला आणि फोनवर विजेची खूण आली. मी तिथेच बसून राहिले. दोनाचे तीन होईनात.

"अगं, नाश्ता दहाला बंद होतो," आजोबा म्हणाले. "तू बघत बसलीस म्हणून बॅटरी जास्त भरणार आहे का?"

"फोन आला तर?"

"अर्ध्या तासात वर येऊ. काल दुपारपासून पोटात काही नाही. तुझ्या साखरेचं काय?"

खाली मी अर्धी इडली खाल्ली. टेबलावर फोन नाही, हाताला काही काम नाही. कुठल्याही टेबलावरचा फोन वाजला की मी वळून बघत होते. आजोबा दुसऱ्यांदा उपमा आणायला उठले तेव्हा मात्र मी त्यांना परत बसू दिलं नाही, तसंच वर नेलं.

खोलीचं दार उघडलं तर आत अंधार, एसी बंद. फोन उचलला, तो मेलेला. आजोबांच्या हातातलं किल्लीचं कार्ड पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं: ते दाराजवळच्या खाचेतून काढलं की सगळ्या खोलीची वीज जाते.

"अहो, कार्ड कशाला काढलंत?"

"नाहीतर दार कशाने उघडणार होतो?"

"माणसाने वाचावं जरा. भिंतीवर लिहिलंय."

मी बरंच बोलले. त्यांनी कार्ड खाचेत घातलं, दिवे लागले, एसी घरघरला. फोन मात्र काळाच. आजोबा वाकले, पलंगामागे हात घातला आणि तसेच थांबले.

"कार्ड मी काढलं," ते म्हणाले. "हे बटण कोणी बंद केलं?"

मी केलं होतं. केल्याचं आठवतही नव्हतं. खोलीबाहेर पडताना बटण बंद, हे आईने मला शिकवलं, मी तुमच्या आईला. तुम्ही इथे येता तेव्हाही मी तुमच्या मागून फिरत बटणं बंद करत असते. त्या दिवशीही हात आपोआप गेला. कार्ड खाचेत राहिलं असतं तरी फोन भरला नसता.

आजोबांनी बटण दाबलं. फोन सुरू व्हायला लागलेला वेळ मी कसा काढला ते सांगत नाही. मग एकामागून एक तुझ्या आवाजातले निरोप आले. पहिल्यात तू ओरडत होतास, "आजी, बेबी आली. बाबा म्हणाले, आजीला तूच सांग." चौथ्यात नुसतं "उचल ना गं." पाचव्यात हळूच, "तू रागावलीस का?"

त्यांच्याखाली तुमच्या बाबांचा निरोप होता, दोघी सुखरूप. मी लगेच फोन लावला, तर तू रडून रडून झोपला होतास.

तिकडे उतरल्यावर दारातच तू विचारलंस, आणि मी रेंजचं सांगितलं. तू मान डोलावलीस, माझं बोट धरून पाळण्याशी नेलंस आणि म्हणालास, "आजी, मला बहीण झाली."

मी म्हटलं, "हो? कधी रे?"