द्रोणातला कागदी कप

चंद्रपुरात माझं कॉफीचं छोटं दुकान आहे, आणि कॉफीपेक्षा माझी बडबड जास्त कडक असते. गिऱ्हाईक बसलं की मी टेबलाशी जाऊन, हातवारे करत, खर्जातल्या आवाजात सांगायचो, "हा कप जंगलातून आला आणि मातीतच परत जाणार." कप म्हणजे पळसाच्या पानांचा द्रोण, बांबूच्या काड्यांनी टाचलेला. लोक फोटो काढायचे. मी फोटोत येईन इतपत सरकून उभा राहायचो.

द्रोण करायच्या सावली तालुक्यातल्या एका गावातल्या बाई, माझ्याहून वयानं मोठ्या. त्यांचा फोटो मी भिंतीवर लावला होता. त्यांच्या शब्दावर गल्लीतल्या आणखी चौघी धानाची कामं सांभाळून द्रोण लावायला बसल्या होत्या.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नसे. पहिल्याच दिवशी कॉफी काडीच्या भोकातून गळली आणि एका प्राध्यापकांच्या पांढऱ्या शर्टावर उतरली. दुसऱ्या दिवसापासून मी द्रोणाच्या आत पानाच्याच रंगाचा कागदी कप बसवला, आतून प्लास्टिकचा थर असलेला. रोज सकाळी त्या कपांचा ढीग घंटागाडीत जाई. भाषण मी तेच ठेवलं. उलट ते आणखी रंगलं.

एका दुपारी बाई शेजारणीला घेऊन स्वतःच दुकानात आल्या. डोक्यावर द्रोणांचं गाठोडं. मी कमरेत वाकून स्वागत केलं, त्यांना त्यांच्याच फोटोखाली बसवलं, सगळ्या दुकानाला ओळख करून दिली. टाळ्या पडल्या. त्या भरात, रोजच्या सवयीनं, मी दोन कॉफ्या आणून ठेवल्या.

शेजारणीनं दोन बोटांनी आतला कप अलगद बाहेर काढला.

"काकी, हे पाहा. याईनं त कपाले लुगडं नेसवलं."

बाई हसल्या नाहीत. "भाऊ, द्रोण गळत होता का?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

माझ्याकडे एरवी प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं असतात. याचं खरं उत्तर मात्र साधं होतं. त्यांचा फोटो लावावा हे मला सुचलं, त्यांना विचारावं हे सुचलं नाही.

बाईंनी गाठोडं सोडलं. दोन द्रोण एकात एक बसवले आणि आतला थोडा फिरवला, म्हणजे भोकावर भोक येऊ नये. कपातली कॉफी त्यात ओतली, अर्ध्यापर्यंतच.

"लगनात गरम वरण याच्यातच वाढतो आमी. काठोकाठ कोणी भरत नाई."

थेंबही गळला नाही. दोघींनी आळीपाळीनं कॉफी पिऊन संपवली.

"बाई, उद्यापासून असंच देतो," मी पुटपुटलो.

"द्या ना. पण मी गल्लीत सांगून बसली का शहरातले लोक आपल्याच द्रोणात पितेत. आता मले चौघींले सांगा लागते का मी खोटं बोलली. तुमी इथी सांगा."

मी दुकानाच्या मधोमध गेलो आणि आतल्या कागदी कपाचं सगळं सांगितलं. लोक खो-खो हसले. त्यांना वाटलं, ही माझी नवी गंमत. बाई दाराशी थांबून ऐकत होत्या. मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, हात खाली ठेवून, साध्या आवाजात. या वेळी कुणी हसलं नाही.